आरोग्याचे ज्ञान आणि वस्तीचे वाचनालय

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात सभासद व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



ग्रंथालयावर बोलायचे म्हणजे पुस्तकांची थोरवी गायची, असा प्रघात आहे. ती थोरवी आपणास नव्याने सांगण्याची गरज नाही. १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या उद्देशांत वसतिगृहांबरोबर वाचनालये काढण्याचाही समावेश होता. ज्या समाजाला पाणवठ्यावर पाणी मिळत नव्हते, त्याला पुस्तकही मिळाले पाहिजे, हा विचार त्यामागे होता. त्या विचारानेच आपण आपले वाचनालय चालवतो. परंतु आज आम्ही त्याचा गौरव करायला उभे नाही. आमच्या हातून एक चूक झाली आहे, ती आपणापुढे ठेवायला उभे आहोत.

आपल्या वस्तीतील एक तरुण, हमालीवर पोट असलेला, रोज संध्याकाळी आपल्या वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला यायचा. त्याला क्षयरोग झाला. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळाले. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले, अंगात ताकद आली. बरे वाटले म्हणून त्याने औषध बंद केले. वर्षाच्या आत रोग उलटला आणि नेहमीच्या औषधांना दाद देईना. मग कडक औषधे, त्यांचा त्रास, बुडालेली मजुरी, असे सर्व ओघाने आले. त्याची आई एकदा आम्हाला म्हणाली, "तुमच्या कपाटात एवढी पुस्तकं हायेत, त्यात हे कुठं लिव्हलेलं नव्हतं का?"

आम्ही घरी न जाता कपाट उघडले. चरित्रे होती, कथा-कादंबऱ्या होत्या, स्पर्धा परीक्षांची पुस्तके होती. क्षयरोगावर एक पान नव्हते. क्षयाचे औषध किमान सहा महिने घ्यावे लागते, मध्येच सोडले तर जंतू त्या औषधाला जुमानत नाहीत, एवढी दोन वाक्ये भिंतीवर असती तरी पुरली असती. क्षयरुग्णाला पोषणासाठी सरकारकडून दरमहा पैसे मिळतात, हेही आम्हाला ठाऊक नव्हते. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले. ज्याच्यासाठी ही योजना, तो रोज आपल्या बाकावर बसत होता, आणि आपण त्याला फक्त वर्तमानपत्र देत होतो.

त्यानंतर आम्ही एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलो. दारावरच सांगण्यात आले की बाहेरच्यांना प्रवेश नाही. नियम असेल, आमची तक्रार नाही. परंतु तेथील ग्रंथपाल बाहेर आले, पायरीवर आमच्याबरोबर अर्धा तास बसले, आणि म्हणाले, "आमच्याकडे माहिती आहे, पण ती इंग्रजीत आहे आणि डॉक्टरांसाठी आहे. तुमच्याकडे माणसे आहेत. दोघांनी मिळून काही केले पाहिजे." आमच्या आजच्या भाषणाचा सारा विषय त्या एका बोलण्यात आहे.

आपल्या जिल्ह्याकडेच पाहा. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे, म्हणजे या देशात प्रवासी आगगाडी येण्याच्याही आधीचे आहे. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि अ, ब, क, ड अशा वर्गांत गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले. राज्यात आज अशी हजारो ग्रंथालये आहेत. दुसरीकडे १९८४ साली लोणी येथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले; पुढे नगरजवळ विळद घाटातही वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. म्हणजे ज्ञान आणि वाचक, दोन्ही एकाच जिल्ह्यात आहेत. मधली वाट तेवढी नाही.

काही जण म्हणतील, वैद्यकीचे ज्ञान अडाणी माणसाच्या हाती देणे धोक्याचे आहे. याला उत्तर शोधण्यासाठी दूर जावयास नको. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. त्यांनी गावांतूनच आरोग्यसेविका निवडल्या. त्यांत बऱ्याच जणी निरक्षर होत्या आणि अनेक जणी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या होत्या. बाळंतपण, जुलाब, क्षय, कुष्ठरोग यांविषयी त्या शिकल्या, आणि शिकलेले गावात परत सांगू लागल्या. ज्या घरात त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसत, त्या घरातील बाळंतपणाला त्यांना बोलावणे येऊ लागले. प्रकल्पाच्या गावांत १९७१ च्या सुमारास हजारी १७६ असलेले बालमृत्यूचे प्रमाण नव्वदच्या दशकात तिशीच्या खाली आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

याच जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनच्या एका आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहात झुंबरे लटकत होती. त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे, की डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत. देखणे, पण महाग आणि दूर. आपण मात्र साधे दिवे; पण एका दिव्याने दुसरा लावता येतो, तसे झुंबराचे नाही. विद्यार्थी मित्रांनो, आपल्याच जिल्ह्यातील एका बाईने जगाला सांगितलेली ही गोष्ट आपण विसरता कामा नये. ज्ञान अडाण्याच्या हाती गेल्याने धोका झाला नाही. ते त्याच्यापर्यंत न पोहोचल्याने काय होते, ते पुढे पाहा.

२०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या महिलांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. आपल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातूनही कोयता घेऊन कुटुंबे दरसाल बाहेर पडतात. या बायांच्या हलाखीला मुकादमाची उचल, खाडे, पाण्याची व शौचालयाची गैरसोय अशी अनेक कारणे आहेत. ती एका पुस्तकाने दूर होणार नाहीत. परंतु अंगावर पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे, औषधाने बरे होणारे विकार आहेत, दुसऱ्या डॉक्टरला विचारण्याचा आपला हक्क आहे, एवढे जरी तिला आधी कळले असते, तरी त्यांतल्या काही जणींनी सही करण्यापूर्वी प्रश्न विचारला असता.

ही जुळणी इतरत्र झाली आहे. अमेरिकेचे राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय मुख्यतः डॉक्टर व संशोधकांसाठी होते. १९९७ साली त्यांनी आपली संशोधनसूची सर्वांना मोफत खुली केली, १९९८ साली सामान्य माणसासाठी सोप्या भाषेत 'मेडलाइनप्लस' सुरू केले, आणि लोकांपर्यंत ते नेण्यासाठी सार्वजनिक ग्रंथालयांना बरोबर घेतले. आपल्याकडे १९९७ साली डॉ. अनिरुद्ध व डॉ. अंजली मालपाणी यांनी मुंबईत खास रुग्णांसाठी मोफत आरोग्य ग्रंथालय काढले. मुंबईत झाले ते नगरला का होऊ नये?

आता आपण काय करू शकतो, ते सांगतो. खर्च फारसा नाही.

पहिले, आपल्या वाचनालयात आरोग्याचे एक कपाट वेगळे करू. त्यात काय ठेवावे, कोणते पुस्तक जुने झाले म्हणून काढावे, हे वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी वर्षातून एकदा येऊन ठरवावे. कारण कादंबरी जुनी झाली तरी चालते, औषधाचे पुस्तक जुने झाले तर अपाय करते.

दुसरे, एक प्रश्नांची वही ठेवू. वाचकाने नाव न घालता प्रश्न लिहावा. ज्याला लिहिता येत नाही त्याचा प्रश्न विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावा. आठवड्याने वही महाविद्यालयात जावी, तेथे ग्रंथपालांनी माहिती शोधावी, डॉक्टरांनी ती तपासावी आणि उत्तर सोप्या मराठीत परत यावे. ते उत्तर फलकावर लागले की एकाच्या प्रश्नाने शंभरांचे काम होईल.

तिसरे, आशा सेविकांनी महिन्यातून एक बैठक वाचनालयात घ्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार मोफत होतात, कागद कोणते लागतात, रुग्णालयातील आरोग्यमित्राला कोठे गाठावे, हे त्यांनी समजावून द्यावे. योजना आहे हे माहीत नाही म्हणून जमीन किंवा दागिने गहाण पडू नयेत.

चौथे, मोबाईलवर येणाऱ्या रामबाण उपायांची शहानिशा करण्याची जागा म्हणजे वाचनालय, अशी सवय लावू.

एक मर्यादा मात्र सांभाळली पाहिजे. वाचनालय म्हणजे दवाखाना नव्हे. आपल्या कार्यकर्त्याने रोगाचे निदान करू नये, गोळी सुचवू नये. आणि कोणी काय विचारले, कोणते पुस्तक नेले, हे चावडीवर जाता कामा नये. एचआयव्ही, मासिक पाळी, मनाचे आजार यांविषयी माणूस तेथेच विचारतो, जेथे त्याची लाज राखली जाते.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने खंगून स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. तो प्रसंग आपणास माहीत आहे. त्यापुढेच शुश्रूषा करणारा कसा असावा हे सांगितले आहे. त्याच्या मनात मैत्री असावी, त्याला घाणीची किळस वाटू नये, हे तर आहेच. पण आजाऱ्याला काय हितकर आणि काय अहितकर, हे त्याला कळले पाहिजे, असेही तेथे म्हटले आहे. करुणेला माहितीची जोड हवी, हा त्याचा अर्थ आम्ही घेतो. आमच्या वस्तीत करुणा होती. त्या तरुणासाठी लोकांनी वर्गणी काढली, भाकरी पोहोचवली. माहिती तेवढी नव्हती.

तो तरुण आता बरा आहे, परंतु ओझे उचलण्याचे काम त्याला जमत नाही. प्रश्नांच्या वहीचे काम त्याने पाहावे असे आम्ही त्याला विचारले, आणि त्याने होकार दिला आहे. वहीच्या पहिल्या पानावरचा प्रश्न त्याच्या आईचा असेल. त्याचे उत्तर आपण सर्वांनी मिळून द्यावयाचे आहे. वैद्यकीय शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी सुट्टीत घरी येताना त्यासाठी एक तास काढावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! जय भारत!