स्क्रिप्टला धनी हवा



हौशी बुलेटिन बोर्डांच्या जाळ्यांवर आपोआप संदेश टाकत राहणाऱ्या स्क्रिप्टा बिघडल्या की काय करायचे, हा प्रश्न या परिषदेपुढे आहे. अध्यक्ष म्हणून मला या एकाच प्रश्नावर बोलायचे आहे. बिघडलेल्या स्क्रिप्टकडे आपण यंत्राचा दोष म्हणून पाहिले की तिच्याविरुद्ध दुसरे यंत्र उभे करावेसे वाटते, आणि तो उपाय मूळ दुखण्याहून महाग पडतो. ती चालवणाऱ्या माणसाचे कृत्य म्हणून तिच्याकडे पाहिले, तर उपाय लहान राहतो, जवळचा राहतो आणि चुकला तर मागे घेता येतो. हे माझे मत आहे, आणि या जाळ्यांचा चार दशकांचा अनुभव त्याच्या बाजूने आहे.

शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी फेब्रुवारी १९७८ मध्ये पहिला सार्वजनिक बुलेटिन बोर्ड सुरू केला, तेव्हा एका वेळी एकच माणूस फोन लावून त्यावर येऊ शकत असे. नको तो मजकूर पडला तर बोर्ड चालवणारा सिसॉप तो पुसून टाकी आणि विषय तिथेच संपे. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतून टॉम जेनिंग्ज यांनी फिडोनेट सुरू केले आणि बोर्ड एकमेकांना फोन करून टपाल देऊ लागले. पुढे डॅलसच्या जेफ रश यांनी इकोमेलची पद्धत आणली. एका बोर्डावर लिहिलेल्या संदेशाची प्रत त्या विषयाच्या चर्चेशी, म्हणजे ‘इको’शी, जोडलेल्या प्रत्येक बोर्डावर पोचू लागली. नव्वदच्या दशकाच्या मध्यास या जाळ्यात तीस हजारांहून अधिक नोड, म्हणजे जोडलेले बोर्ड, होते. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुले केले, त्याआधी मुंबईतले मॉडेमवाले अशाच बोर्डांवर जमत असत. बोर्डांमधली सगळी देवाणघेवाण रात्री, फोनचे दर उतरल्यावर, सिसॉपच्या खर्चाने होई. या रचनेत पुसण्याची सोय जवळजवळ उरली नाही, आणि आपल्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे. संदेश एकदा हबकडून, म्हणजे आसपासच्या नोडांना टपाल वाटणाऱ्या बोर्डाकडून, पुढे गेला की त्याच्या शेकडो प्रती शेकडो लोकांच्या यंत्रांवर जाऊन बसतात. माणूस लिहितो तेव्हा त्याच्या थकण्याला मर्यादा असते. स्क्रिप्ट थकत नाही.

अशी स्क्रिप्ट बिघडते कशी, हे नीट पाहिले पाहिजे, कारण उपाय त्यावर अवलंबून आहे. बहुतेक वेळा हेतू चांगलाच असतो. इकोचे नियम दर महिन्याला टाकणे, नव्या फायलींची यादी देणे, हवामानाचा अंदाज किंवा खेळातले गुण पोचवणे, अशी ही कामे. संदेश टाकला की ‘टाकला’ अशी खूण लिहायची आणि पुढच्या वेळी ती पाहून थांबायचे, एवढीच तिची स्मरणशक्ती. डिस्क भरली, मध्येच वीज गेली, फोल्डरचे नाव बदलले, की ती खूण लिहिली जात नाही आणि मासिक संदेश दर तासाला निघू लागतो. कधी घड्याळ मागेपुढे सरकते. कधी पाठवून झालेले संदेशांचे पॅकेट पुसले जात नाही आणि तेच पुन्हा निघते. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे स्क्रिप्ट स्वतःच्याच संदेशाला उत्तर देऊ लागते, किंवा दोन स्क्रिप्टा एकमेकींना. दुबार संदेश ओळखण्याची सोय टॉसरमध्ये, म्हणजे आलेले टपाल इकोंत लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, असते, मग हे अडत का नाही, असे कोणी विचारेल. ती सोय जाळ्यातल्या वळशांसाठी आहे. एकच संदेश दोन वाटांनी आला तर त्याची ओळखखूण तीच राहते आणि टॉसर त्याला अडवतो. स्क्रिप्ट मात्र तोच मजकूर दर वेळी नवी वेळ आणि नवी ओळखखूण लावून टाकते. टॉसरच्या लेखी तो नवा संदेश. म्हणजे ही चूक जाळ्याच्या मधल्या भागात सहज ओळखताच येत नाही. ती उगमापाशीच ओळखता येते, आणि उगमापाशी एक माणूस असतो.

फिडोनेटच्या जुन्या कारभाऱ्यांनी हे फार लवकर ओळखले होते. १९८९ मध्ये लागू झालेल्या त्यांच्या चौथ्या धोरणाने आपल्या नोडमधून जाळ्यात शिरणाऱ्या सर्व मजकुराची जबाबदारी सिसॉपवर टाकली. मजकूर कोणी लिहिला, वापरकर्त्याने की प्रोग्रॅमने, असा फरक त्यात केलेला नाही. त्याच धोरणात न्यायाची दोनच सूत्रे होती: दुसऱ्याला अति त्रास देऊ नये, आणि स्वतः फार सहज त्रासून जाऊ नये. तंटा झालाच तर आधी दोघा सिसॉपांनी आपसांत, निदान नेटमेलने, म्हणजे जाळ्यावरच्या खाजगी टपालाने, बोलावे आणि मगच समन्वयकाकडे जावे, असा क्रम होता. नोडयादीतून नाव काढणे ही शेवटची पायरी. हा क्रम ढिला आहे अशी टीका आजही होते. मला तो अतिशय विचारपूर्वक आखलेला वाटतो, कारण बिघडलेल्या स्क्रिप्टच्या मागचा माणूस बहुधा झोपलेला असतो किंवा कामावर गेलेला असतो, आणि त्याला कळवणे हाच पुष्कळदा पूर्ण उपाय ठरतो.

याउलट यंत्राला यंत्राने आवर घालायला निघाल्यावर काय होते, याचा धडा यूजनेटवर, म्हणजे विषयवार न्यूजग्रुपांच्या दुसऱ्या एका जाळ्यावर, मिळाला. ३१ मार्च १९९३ च्या रात्री अमेरिकेतल्या एका कार्यकर्त्याने निनावी संदेश मागाहून रद्द करणारा प्रोग्रॅम चालू केला. त्याला जाळ्यात शिस्त हवी होती. प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे तो स्वतःच्याच संदेशांना प्रतिसाद देत गेला, शीर्षके लांबत गेली, आणि कारभाराची चर्चा करणाऱ्या गटातच सुमारे दोनशे संदेश साचले. निर्णय घेणारा आणि अंमल करणारा दोन्ही तोच प्रोग्रॅम होता आणि मध्ये थांबवणारे कोणी नव्हते. म्हणून एवढे झाले.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९४ मध्ये, ॲरिझोनातल्या एका वकील दांपत्याने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात स्क्रिप्टच्या साह्याने हजारो न्यूजग्रुपांत एकेक करून टाकली. हा बिघाड नव्हता, हेतुपुरस्सर होते, आणि येथे माझ्या मांडणीवरचा सर्वांत बळकट आक्षेप उभा राहतो. ज्याला लाज नाही त्याच्याशी नेटमेलने बोलून काय होणार? असे संदेश रद्द करणारे बॉट, म्हणजे स्वयंचलित प्रोग्रॅम, तेव्हाच पुढे आले आणि उपयोगीही पडले, हे मान्य केले पाहिजे. पण ते टिकले कशामुळे, हे पाहा. लोकांनी मजकुरावर निकाल देणे सोडले आणि मोजमाप ठरवले. ते मोजमाप म्हणजे ब्राइडबार्ट निर्देशांक. त्यात प्रत्येक प्रत किती गटांत गेली त्या संख्येचे वर्गमूळ घेऊन सर्व प्रतींची बेरीज करतात. नऊ गटांत एकदम टाकलेला संदेश ३ भरतो, तोच नऊ वेळा सुटा टाकला तर ९. पंचेचाळीस दिवसांत २० ओलांडले तर रद्द करता येई, मग जाहिरात असो, राजकारण असो वा धर्म. जे लोक रद्द करत ते काय रद्द केले आणि का केले याची जाहीर नोंद देत. नंतर नोसेम आले. त्यात रद्द करण्याऐवजी सही केलेली शिफारस पाठवत आणि ती पाळायची की नाही हे प्रत्येक ठिकाणचा चालक ठरवी. म्हणजे बॉट चालले तेही कोणीतरी त्यांची जबाबदारी घेतली म्हणून. आक्षेप खरा आहे, पण तो माझ्या मुद्द्याला पुढे नेतो.

दुसरा आक्षेप आपल्याच मंडळींचा आहे. वाचणाऱ्याने आपल्यापुरती चाळणी लावावी, नियम कशाला? चाळणीने एका वाचकाचा त्रास जातो, पण नवा माणूस चाळणी घेऊन येत नाही. तो एखादा इको उघडतो, त्याला पन्नास एकसारखे संदेश दिसतात आणि तो परत येत नाही. फोनचे बिल आता उरले नाही. आता जो खर्च होतो तो लक्षाचा आहे, आणि आजच्या छोट्या जाळ्यांना तोच परवडत नाही.

तिसरे म्हणणे याच्या उलट टोकाचे. इको ओस पडले आहेत, निदान बॉटांमुळे हालचाल दिसते, त्यांना अडवू नका. यात तथ्य आहे. सकाळचा हवामानाचा संदेश पाहून एखाद्याला चार ओळी लिहाव्याशा वाटतात. पण बॉटचे बोलणे आणि माणसाचे बोलणे एकाच इकोत मिसळले की माणूस बोलायचा थांबतो. एफएसएक्सनेटसारख्या आजच्या जाळ्याने बॉटांसाठी वेगळा इको ठेवला, ती तोड मला योग्य वाटते. ज्याला हवे तो तिथे जातो.

आणि स्क्रिप्ट बिघडलीच तर? शेतातली एक चारी फुटली म्हणून कोणी धरणाचे दार पाडत नाही. जवळच्या हबने त्या नोडला त्या एका इकोत केवळ वाचण्याची मुभा ठेवावी, लिहिण्याची काढावी. बाकीचे इको आणि नेटमेल चालू राहू द्यावे, म्हणजे कळवण्याची वाट बंद होत नाही. दुरुस्ती झाल्याचे सिसॉपने कळवले की मुभा परत द्यावी. यासाठी समिती लागत नाही, ठरावही लागत नाही. त्याआधी एकच गोष्ट हवी: प्रत्येक स्वयंचलित संदेशाच्या तळाशी ती स्क्रिप्ट कोण चालवतो आणि त्याचा नेटमेल पत्ता काय, हे लिहिलेले असावे.

एक प्रकार मात्र याने सुटत नाही. सिसॉप छंद सोडून जातो, आजारी पडतो, कधी वारतो, आणि त्याच्या घरातल्या कपाटावरचा लहानसा संगणक वर्षानुवर्षे संदेश टाकत राहतो. नेटमेलला उत्तर देणारे कोणी नसते. अशा नोडला यादीतून काढायला समन्वयकाचा हात धजत नाही, कारण त्या नावाशी माणसांच्या आठवणी जोडलेल्या असतात. माझी सूचना अशी आहे की प्रत्येक स्क्रिप्टला मुदत असावी. चालवणाऱ्याने दर तीस दिवसांनी स्वतः एक कळ दाबून ती वाढवावी. न वाढवल्यास स्क्रिप्टने स्वतःहून थांबावे. हे करायला कोडच्या चारसहा ओळी पुरतात, आणि ज्यांना त्या लिहिता येत नाहीत त्यांना लिहून देणारे हात या सभागृहात पुष्कळ आहेत. उद्याच्या सत्रात त्या ओळींचा मसुदा तयार करून सर्व हबचालकांना पाठवावा, अशी माझी विनंती आहे.