यंत्राने नव्हे, टार्गेटने बदललेली बँक
(शारदीय व्याख्यानमालेत कारंजा (घाडगे) येथे दिलेले व्याख्यान)



बँकेच्या काउंटरच्या अलीकडून आपण सगळेच बोलतो. मी नोकरीभर पलीकडे बसलो, म्हणून आज तिकडची बाजू मांडतो.

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा देशात ८,२६२ शाखा होत्या. १९९१ पर्यंत त्या ६०,००० च्या घरात गेल्या. तालुक्याचीच पोरं क्लार्क झाली. लेजर हाताने लिहायचं, संध्याकाळी मेळ घालायचा. चार आण्यांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत कुणी उठत नसे. घरचे जेवायला थांबलेले असायचे.

पुढे संगणक आला. १९८३ मध्ये कर्मचारी संघटनांशी करार झाला, तरी नोकऱ्या जातील ही भीती घट्ट होती. ती खोटी नव्हती: २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्तीत सरकारी बँकांतले सुमारे १ लाख लोक बाहेर पडले. पण मला यंत्राला दोष द्यायचा नाही. रात्रीच्या त्या जाचातून त्यानेच आम्हाला सोडवलं. प्रश्न आहे तो मोकळ्या झालेल्या वेळाचं काय केलं याचा. तो शेतकऱ्याशी बोलण्यात जायला हवा होता. त्यात टार्गेट भरलं गेलं.

पूर्वी कुणाची अंबिया बहाराची संत्री गळाली, कुणाच्या कपाशीवर बोंडअळी पडली, हे कॅशियरला ठाऊक असे. मार्चअखेर कर्जाचं नवं-जुनं करताना मॅनेजर त्या माहितीवर निर्णय घेई. त्यात वशिलाही चाले, हे मान्य केलंच पाहिजे. पण आज निर्णय दूरच्या कार्यालयात होतो आणि नकार ऐकवायला मात्र शाखेतला माणूस असतो. सकाळी फोनवर विचारणा होते: विमा किती, कार्ड किती, नवी खाती किती? पीककर्जाला आलेल्या माणसाच्या हातात विम्याचा फॉर्म देताना चांगल्या कर्मचाऱ्याची मान खाली जाते. ती मी पाहिली आहे. समोरचा अधिकारी कधी परराज्यातला, पंचविशीतला, एकटा असतो. सातबारा वाचताना अडखळतो. त्याला मराठी शिकायला वेळ कुणी दिला?

आपल्या वर्धा जिल्ह्याने तर याहून कठीण काळ पाहिला. परवान्याच्या निकषांत न बसल्यामुळे २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या जिल्हा बँकांना ठेवी घेण्यास मनाई केली. अडकलेले स्वतःचेच पैसे मागायला आलेल्या ओळखीच्या माणसाला काय सांगायचं? हा प्रश्न संचालकांपेक्षा काउंटरवरच्या माणसाला रोज पडला. धोरण त्याने ठरवलं नव्हतं, पण गावात तोंड त्यालाच दाखवायचं होतं.

ग्रामीण बँकेचं पाहा. २०१३ मध्ये दोन बँका मिळून विदर्भ कोकण ग्रामीण बँक झाली. १ मे २०२५ ला तीही महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. मुख्यालय नागपुरातून छत्रपती संभाजीनगरला. पाटी एका दिवसात बदलते. पण बढतीची यादी, बदलीची भीती, कुणाला फोन करायचा, हे सगळं कर्मचाऱ्याला नव्याने शिकावं लागतं.

शाखेत माणसं वाढवा, टार्गेटमधून विमा काढा आणि बदलीवर येणाऱ्याला आधी मराठी शिकवा, ही मागणी कर्मचाऱ्यांनी एकट्यांनी केली तर ती पगाराची मागणी समजली जाते. ग्राहकांनी साथ दिली तर तिला वजन येईल.

तेव्हा माझी विनंती एवढीच. काउंटरवरच्या माणसावर ओरडू नका. न मागितलेल्या विम्याचा हप्ता खात्यातून कापला गेला, तर बँकेला लेखी विचारा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. त्याला शुल्क लागत नाही.