निफाडची थंडी आणि एक उघडी खोली
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



निफाडची थंडी तुम्हाला मी काय सांगणार! पारा चार-पाच अंशांवर आला की आपल्या गावाचं नाव पेपरात येतं. त्याच रात्री द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक सुरू होतं. माझीही बाग आहे, मलाही ते करावं लागतं. पण त्याच रात्री सुरगाणा-पेठकडून कामासाठी आलेली माणसं, ज्यांना अजून मळा मिळालेला नाही ती, पोराबाळांसकट बाजाराच्या ओट्यावर निजलेली असतात. शेजारी घरच्यांनी सोडलेले दोन-चार म्हातारे असतात.

शहरांसाठी 'शहरी बेघरांसाठी निवारा' ही सरकारी योजना आखली गेली. दर लाख वस्तीमागे किमान १०० जणांची सोय व्हावी, असा तिचा नियम होता. नावातच शहर आहे, त्यामुळे खेडं बाहेर राहिलं. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले गेले, त्यातले ८ लाखांहून अधिक ग्रामीण भागातले होते.

म्हणून आपल्या बॅचने गेले चार हिवाळे बाजारतळाजवळची एक खोली रात्री उघडी ठेवली आहे. बायका-मुलांसाठी मागची पडवी बंद करून घेतली. थंडी खालून येते, हे तिथेच कळलं. अंगावरच्या दुसऱ्या ब्लँकेटपेक्षा खाली पेंढा, त्यावर ताडपत्री आणि सतरंजी जास्त कामाची. कोळशाची शेगडी आत अजिबात नाही. बंद खोलीत तिचा धूर माणूस मारतो, आणि झोपलेल्याला कळतही नाही. आधार कार्ड मागत नाही. सांगेल ते नाव वहीत लिहितो आणि पोलीस ठाण्याला कळवतो. एक आजोबा दोन रात्री दारातच बसून होते. बोचकं आत नेऊ देतील का, एवढीच त्यांना शंका होती!

ब्लँकेटं आता पुरे. खरंच पुरे, कपाट लागत नाही. अडतं ते माणसांवाचून. रात्री नऊ ते सकाळी सहा दोघं जण लागतात, त्यातला एक जागा. मागच्या जानेवारीत माणूस नव्हता म्हणून तीन रात्री कुलूप राहिलं, आणि त्या तिन्ही रात्री कडाक्याच्या होत्या. पुण्या-मुंबईच्या मित्रांनो, पैसे पाठवता त्याबद्दल आभार, पण सुट्टीला गावी याल तेव्हा एक रात्र द्या.

वही चहाच्या टेबलापाशी ठेवली आहे. डिसेंबरातल्या अकरा रात्री अजून कोऱ्या आहेत.