सांगली येथील रोबोट-संशोधन परिषद : स्वागताध्यक्षीय भाषण

कृष्णाकाठच्या या नगरीत विद्यापीठा-विद्यापीठांतून आलेल्या प्राध्यापकांचे, संशोधकांचे व विद्यार्थ्यांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. रोबोटची हालचाल, त्याच्याकडून होणारी वस्तूंची हाताळणी आणि स्पर्श, अंतर, जोर यांची नोंद घेणारे संवेदन या विषयांवर तज्ज्ञच बोलतील. समितीचा अधिकार चहा, चादरी आणि नगरीचा इतिहास एवढ्यापुरताच असून, त्यांतील तिसरा ती जरा सढळपणे वापरणार आहे.

चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये येथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण याच भाव्यांनी लाकडाच्या कळसूत्री बाहुल्या घडविल्या होत्या, याचा विसर खुद्द सांगलीकरांनाही पडलेला दिसतो, आणि तो पडू नये इतके ते काम मोलाचे आहे. भावे 1901 मध्ये निवर्तले, बाहुल्या मात्र टिकल्या, आणि पुढे रामदास पाध्ये यांनी त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या. दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून बाहुलीचा हात दोरीने वर जातो आणि स्वतःच्या वजनाने खाली येतो, तर दोरीवर चालणाऱ्या रोबोटच्या बोटाला मिटण्यासाठी एक दोरी आणि उघडण्यासाठी उलट बाजूची दुसरी दोरी किंवा स्प्रिंग द्यावी लागते. दोरीला बसलेला ताण सूत्रधाराच्या बोटांना आपोआप कळतो. यंत्राला त्यासाठी सेन्सर, म्हणजे ताणाचे मोजता येईल अशा विद्युत-संकेतात रूपांतर करणारे साधन, बसवावे लागते. परिषदेशी जोडलेला हा धागा नाजूक आहे, हे समितीला मान्य आहे. तरी तो तुटेपर्यंत ताणण्याचा मोह तिला आवरला नाही.

धोंडूमामा साठे यांनी 1947 मध्ये येथे सुरू केलेले अभियांत्रिकी महाविद्यालय आज वालचंद महाविद्यालय म्हणून सर्वांना परिचित आहे. गणपती मंदिर, आयर्विन पूल आणि हळदीची बाजारपेठ यांविषयी वेळेअभावी बोलता येत नाही, याची खंत वाटते.

व्यवस्थेत उणिवा आहेत. काही पाहुण्यांची सोय वसतिगृहात करावी लागली, तेथे गरम पाणी सकाळी थोडाच वेळ मिळते. वीज गेल्यास जनरेटर सुरू होईपर्यंत प्रात्यक्षिकांतील यंत्रे जागच्या जागी थांबतील, तेव्हा वक्त्यांनी सांभाळून घ्यावे. 2019 च्या महापुरात आपली दुकाने पाण्याखाली गेलेली असतानाही ज्यांनी या कार्यासाठी हात आखडता घेतला नाही, ते हळद व बेदाण्याचे व्यापारी, मांडवाचे भाडे निम्मे करणारे कंत्राटदार, भडंगाची पाकिटे विनामूल्य देणारे दुकानदार, भोजनाचा भार उचलणारे साखर व्यवसायातील हितचिंतक आणि नाव जाहीर करू नये असे बजावणारे एक देणगीदार, या सर्वांचे समिती ऋण मानते. मिरज जंक्शनकडे जाणारी बस समारोपानंतर प्रवेशद्वारातूनच सुटेल. भडंगाचे पाकीट न घेता कोणीही तीत बसू नये.