उंबरठा ओलांडण्यापूर्वी

(महागाव, जि. यवतमाळ येथे केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



कापूस पिकविणाऱ्या महागाव तालुक्यात चंद्र-मंगळाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु या विषयाचे मर्म आपल्याच धुऱ्यावर उगवलेले आहे. गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात पुण्यात गाजरगवताची नोंद झाली. परदेशी धान्याबरोबर त्याचे बी आले, असे मानले जाते. ते कोणी मुद्दाम पेरले नव्हते. तरी आज देशभर ते उपटता उपटत नाही.

जे एका बीजाने केले, ते सूक्ष्मजीवांकडून परग्रहावर घडू नये, ही जबाबदारी मानवाची आहे. १९६७ च्या अंतराळ करारात भारतही सहभागी आहे. अन्य खगोलांचे हानिकारक प्रदूषण टाळावे आणि तेथील द्रव्य आणताना पृथ्वीला अपाय होऊ देऊ नये, असे त्यातील नववे कलम सांगते.

सूक्ष्मजीव किती चिवट असतात, हे भारतीय शास्त्रज्ञांनीच दाखवून दिले आहे. डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांनी वातावरणाच्या वरच्या थरांतील हवेचे नमुने आणले. त्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचे २००९ साली जाहीर झाले. एकीला आर्यभटांचे नाव मिळाले. या प्रयोगात सर्वाधिक दक्षता उपकरणांच्या निर्जंतुकीकरणाची होती. आपलेच जंतू वर गेले असते, तर सापडलेला जीव तिथला की इथला, हे ठरलेच नसते. मंगळावरही हाच प्रश्न उभा राहील.

यंत्र निर्जंतुक करता येते. मंगळावर उतरणारी अमेरिकेची व्हायकिंग याने १९७५ साली उड्डाणापूर्वी शंभराहून अधिक अंश तापमानात तापविली गेली. माणसाला मात्र भट्टीत घालता येत नाही. त्याच्या त्वचेवर आणि आतड्यांत अब्जावधी जीव वस्ती करून असतात. १९६९ साली अपोलो ११ च्या वीरांना परतल्यावर २१ दिवसांच्या विलगवासाचा नियम होता. तरीही समुद्रात उतरताच यानाचे दार उघडावे लागले. चंद्रावर जंतू असते, तर तिथेच ते निसटण्याचा धोका होता. नियम कागदावर असणे आणि अंगवळणी पडणे यांत हे अंतर आहे.

२०४० पर्यंत भारतीय मानव चंद्रावर उतरविण्याचे लक्ष्य देशाने ठेवले आहे. ते साध्य व्हावे, ही प्रत्येक देशभक्ताची आकांक्षा आहे. परंतु पहिले पाऊल कोणाचे पडले, याइतकेच ते पाऊल कसे पडले, यालाही महत्त्व आहे. बाहेरून आल्यावर पाय धुऊनच घरात शिरावे, हा आपल्या घराघरांतील संस्कार. भूमीला माता मानणाऱ्या समाजाने हाच संस्कार परक्या भूमीवर पाऊल ठेवतानाही पाळावा. ज्या तरुणांना विज्ञानाची ओढ आहे, त्यांनी अग्निबाणांइतकाच सूक्ष्मजीवशास्त्राचाही अभ्यास करावा. उद्याच्या यानाला चालकाप्रमाणे राखणदारही लागणार आहे.