शिडीच्या गाडीची दुरुस्ती आणि दुरुस्ती करणाराची जबाबदारी

(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, समाजसंघटना, विवाहपद्धती अशा विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. आम्ही कारखान्यात वावरणारी माणसे. लोखंड, तेल आणि पाने यांच्याशी आमचा नित्याचा संबंध. तेव्हा आमच्या हाताखालून जाणाऱ्या एका यंत्राविषयी आणि त्याच्या दुरुस्तीत गुंतलेल्या जबाबदारीविषयी चार शब्द बोलावे, असे आम्ही योजिले आहे. आपल्या ज्ञातीतील कित्येक तरुण आज मोटार-दुरुस्तीच्या धंद्यात आहेत. आणि ज्या घरांत तो धंदा नाही, तेथील एखादा मुलगा वीज कंपनीत किंवा नगरपालिकेत उंचावरचे काम करीत असेल. त्यामुळे हा विषय कोणासही अगदीच परका वाटू नये.

रस्त्यावरचे दिवे बदलताना, किंवा पावसाळ्यापूर्वी तारांना लागणाऱ्या फांद्या तोडताना, मोटारीवर बसविलेला एक लांब दुमडता हात आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या टोकाला बादली असते आणि बादलीत माणूस उभा असतो. आपल्याकडे हिला कोणी शिडीची गाडी म्हणतात, कोणी स्काय लिफ्ट, कोणी नुसतीच बकेट. अमेरिकेत हिला चेरी पिकर असेही नाव आहे. जे आयटेल नावाच्या गृहस्थांना चेरीची फळे शिडीवरून तोडण्याचा कंटाळा आला आणि त्यातून त्यांना अशा यंत्राची कल्पना सुचली. पुढे १९५३ साली त्यांनी कॅलिफोर्नियात ती बनविण्यासाठी टेलस्टा ही कंपनी काढली. फळबागेसाठी सुचलेले हे यंत्र लवकरच तारायंत्राच्या व विजेच्या खांबांपाशी जाऊन पोहोचले.

आता आपल्या जुन्या विहिरी आठवून पाहा. उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढण्यास जो माणूस खाली उतरे, तो आधी दोर आपल्या हाताने ओढून पाही, गाठ तपासी, कोठे पीळ सुटला आहे का ते बघे आणि मगच काठावरून पाय खाली सोडी. दोर त्याच्या डोळ्यांसमोर होता. शिडीच्या गाडीच्या बादलीत उभ्या राहणाऱ्या माणसालाही दोर आहे. पण तो त्याला दिसत नाही. तो सिलिंडरच्या पोटात, नळ्यांच्या आत, बोल्टांच्या आट्यांत आणि फायबरग्लासच्या थरांत दडलेला आहे. म्हणून त्याच्या वतीने तो दोर पाहण्याचे काम दुरुस्ती करणारावर येते. आज आम्हांस जे सांगावयाचे आहे, ते मुख्यतः एवढेच.

या दोराचे तीन पदर आहेत. पहिला पदर तेलाचा. हा हात वर उचलला जातो तो दाबाखालील तेलाने. आणि तो दाब दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या घरात, कधी त्याहूनही अधिक असतो. तेल वाहून नेणारी रबरी नळी चालू कामात फुटली तर हात खाली कोसळू नये, म्हणून सिलिंडरलाच लागून एक झडप बसविलेली असते. तिला होल्डिंग व्हॉल्व्ह म्हणतात. तेल कोंडून धरणे हेच तिचे काम. हात सावकाश उतरतो अशी तक्रार आली की काही कारागीर ही झडप सैल करून देतात. गिऱ्हाईक खूश होते, पण दोराचा एक पदर तुटलेला असतो. हिची परीक्षा अवघड नाही. हात उचलून उत्पादकाने ठरविलेला भार द्यावा, यंत्र बंद करावे, सिलिंडरच्या दांड्यावर खूण करावी आणि तो खाली सरकतो का हे काही वेळ पाहावे. अर्थात ही परीक्षा बादलीत माणूस उभा करून नव्हे, वजने ठेवून घ्यावयाची असते.

दुसरा पदर पोलादाचा. बादलीत दोन माणसे व हत्यारे मिळून दोनशे किलो भार आहे आणि बादली मध्यापासून आठ मीटर लांब गेली आहे असे धरू. तराजूच्या साध्या हिशोबाने, मध्यापासून चाळीस सेंटिमीटरवर असलेल्या बोल्टांना हा भार तोलून धरण्यास चार हजार किलोची ओढ सोसावी लागते. हाताचे स्वतःचे वजन निराळेच. म्हणून फिरत्या चक्राचे बोल्ट हे केवळ बोल्ट नव्हेत. ते उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच असावेत, सांगितलेल्या मापानेच टॉर्क रेंचने आवळावेत आणि प्रत्येकावर खूण करावी. म्हणजे पुढे एखादा ढिला पडला तर खूण सरकलेली दिसते. तीच गोष्ट सांध्यांतील पिनांची आणि बादली सरळ ठेवणाऱ्या साखळ्यांची अथवा दांड्यांची. जोडाशेजारच्या बारीक भेगा नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीत. त्यांसाठी तो भाग खरवडून, भेगेत शिरणारा तांबडा रंग लावून पाहावे लागते. भेग सापडली म्हणजे लगेच वेल्डिंगचा दांडा हाती घेऊ नये. पोलाद कोणत्या जातीचे आहे हे न कळता केलेले वेल्डिंग शेजारचा भाग ठिसूळ करून ठेवते आणि पुढची भेग तेथूनच निघते. उत्पादकाची लेखी पद्धत आणि परीक्षा दिलेला वेल्डर ही दोन्ही असतील तरच ते काम घ्यावे.

तिसरा पदर वीज रोखणारा. जिवंत तारांवर काम करण्यासाठी बनविलेल्या गाडीच्या हाताचा एक भाग फायबरग्लासचा असतो. तो वीज रोखतो, पण स्वच्छ आणि कोरडा असेल तोवरच. धूळ, तेलाचा थर आणि ओल एकत्र आली की त्याच पृष्ठावरून वीज वाट काढते. या भागास भोक पाडणे, धातूची पट्टी ठोकणे किंवा धातूची पूड असलेला रंग फासणे म्हणजे तो निरुपयोगी करणे होय. या भागातून जाणाऱ्या तेलाच्या नळ्याही वीज न वाहणाऱ्या जातीच्या असतात. बाजारात सहज मिळते म्हणून पोलादी जाळीची नळी तेथे बसविली, तर गाडी चालते उत्तम. मात्र बादलीपासून जमिनीपर्यंत विजेला एक तार अंथरून दिली जाते. म्हणून अशा गाडीची उच्च दाबाच्या विजेवर ठरावीक काळाने चाचणी घेऊन, तिच्यातून किती सूक्ष्म प्रवाह झिरपतो हे मोजून लिहावे लागते. ही चाचणी ज्यांच्याजवळ साधने व अनुभव आहे, त्यांनीच करावयाची आहे.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांचा हात आणि बादली निव्वळ लोखंडी असतात. खालची रबरी चाके माणसाला वाचवितात ही समजूत घातक आहे. अशी गाडी ११,००० व्होल्टच्या जिवंत तारेजवळ नेऊच नये. आणि हात फायबरग्लासचा असला, तरी बादलीतील माणसाने एकाच वेळी दोन तारांना, किंवा एका तारेला व खांबाला स्पर्श केला, तर तो हात त्याला वाचवू शकत नाही.

आता दुरुस्ती करणाराच्या स्वतःच्या जिवाविषयी. नुसत्या तेलाच्या दाबावर उभ्या असलेल्या हाताखाली कोणीही शिरू नये. आधी भक्कम टेकू द्यावा. नळी सोडण्यापूर्वी दाब पूर्ण उतरवावा. सुईएवढ्या छिद्रातून तेल गळत असेल तर ते बोटाने चाचपून पाहू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे. ती तेलाची धार कातडी भेदून आत जाते, वरून केवळ टाचणी टोचल्यासारखे दिसते, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो. असे झाल्यास हळद लावून घरी बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

आमच्याकडे मध्यंतरी एक ठेकेदार अशी गाडी घेऊन आले. रंग नवा कोरा होता. म्हणाले, “मास्तर, काम काही नाही. आतून-बाहेरून नवी केली आहे. फक्त तुमच्या सहीचा दाखला द्या, उद्या निविदा भरावयाची आहे.” आम्ही रंग खरवडला, झाकण उघडले. चक्राचे चार बोल्ट निरनिराळ्या जातींचे निघाले. फायबरग्लासच्या भागातून पोलादी जाळीची नळी गेलेली होती. झडपेचा स्क्रू कोणीतरी फिरविलेला होता. आम्ही तारीख घालून यादी लिहून दिली आणि सही नाकारली. ठेकेदार रागावले, गाडी घेऊन गेले, ते पुन्हा आले नाहीत.

तेव्हा आमच्या कारखान्यातील एका तरुणाने आम्हांस विचारले, “आपण नाही दिली तर दुसरा कोणी सही देईल. मग आपण गिऱ्हाईक गमावून साधले काय?” प्रश्न प्रामाणिक होता आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. आमचे उत्तर असे, की ती यादी आम्ही केवळ ठेकेदाराच्या हाती दिली नाही. त्यांच्याबरोबर आलेल्या, बादलीत उभ्या राहणाऱ्या कामगारालाही ती वाचून दाखविली, आणि प्रत्येक दोष बोट ठेवून दाखविला. त्या माणसाने आपला दोर पहिल्यांदाच पाहिला. पुढे काय करावयाचे हे ठरविण्याचा अधिकार त्याला मिळाला. दाखल्यावरील सही म्हणजे “आम्ही पाहिले आहे” हे त्याला दिलेले वचन. न पाहता ते दिले तर उरलेल्या सर्व खऱ्या सह्यांचेही मोल जाते.

सन १९४८ च्या कारखाना कायद्याने कारखान्यांतील उचल-यंत्रांची वर्षातून निदान एकदा तज्ज्ञाकडून कसून तपासणी करण्याचे बंधन घातले होते. अमेरिकेतील नियम शिडीच्या गाडीचे चालकयंत्र रोज कामापूर्वी तपासावयास सांगतात. खालून चालविण्याची कळ वरच्या कळीवर मात करणारी असावी असेही सांगतात, म्हणजे वरचा माणूस बेशुद्ध पडला तरी खालचा त्याला उतरवू शकेल. तेथील मानकाप्रमाणे गाडीने सपाट जमिनीवर नेमल्या भाराच्या दीडपट भार न कलंडता पेलावयास पाहिजे. देश निराळे असले तरी तत्त्व एकच : दुरुस्ती पूर्ण झाली हे रंगाने नव्हे, चाचणीने ठरते.

म्हणून जुन्या गाड्या घेऊन त्यांचे नूतनीकरण करू इच्छिणाऱ्या तरुणांस आमचे सांगणे आहे, की पहिला खर्च रंगाच्या फवाऱ्यावर करू नका; टॉर्क रेंचवर, दाब मोजण्याच्या घड्याळावर आणि त्या गाडीच्या मूळ पुस्तिकेवर करा. अंदाजपत्रकात पाहणी, दुरुस्ती आणि चाचणी अशा तीन रकमा वेगळ्या लिहा, म्हणजे गिऱ्हाइकाने भाव पाडला तरी चाचणी कापली जाणार नाही. काय उघडले, काय बदलले, काय मोजले याची वही ठेवा. रंग सर्वांत शेवटी द्या.

संघाच्या कार्यकारिणीसही एक नम्र सूचना. आपल्या शिष्यवृत्त्या बहुतांशी महाविद्यालयांकडे जातात, ते योग्यच आहे. त्यांतील एखादी आयटीआयमध्ये वेल्डिंग किंवा यंत्रदुरुस्ती शिकणाऱ्या मुलासाठी राखून ठेवावी. चांगला कारागीर घडला तर लाभ एका घराचा होत नाही. त्याने तपासलेल्या प्रत्येक गाडीच्या बादलीतून जो माणूस संध्याकाळी सुखरूप खाली उतरतो, त्याच्याही घराचा होतो.