र वर बोट दाबून धरलं की



गेल्या वर्षी घरातल्या लग्नाच्या गडबडीत आत्याचा निरोप आला : 'स्वयंपाकवाल्यांना आगाऊ किती द्यायचे?' आत्या प्राथमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली. मुलांच्या वह्या लाल करणारी ही बाई 'स्वयंपाकवाले' कधीपासून लिहायला लागली? भेटल्यावर विचारलं. ती म्हणाली, "अरे, 'आचाऱ्यांना' लिहायला गेले की 'आचार्यांना' उमटतं. मग 'स्वयंपाक करणाऱ्यांना' लिहू म्हटलं, तर तिथेही तोच र आडवा आला. शेवटी शब्दच बदलला."

मी तिचा फोन हातात घेतला. अक्षर होतं. र वर बोट दाबून धरलं की वर ऱ येत होता. पण तशी खूण त्या बटणावर कुठेच नव्हती, आणि आत्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

डिझायनर म्हणून आपल्या कामात 'सोपं करा' हे दिवसातून दहादा कानावर पडतं, आणि सोपं म्हणजे पडद्यावर कमी बटणं, असं आपण धरून चालतो. आत्याचा कीबोर्ड दिसायला अगदी सुटसुटीत होता. त्या सुटसुटीतपणाची किंमत तिने आपल्या शब्दांनी मोजली. करणाऱ्या, येणाऱ्या, जाणाऱ्या हे शब्द टाळून पानभर मराठी लिहून बघा, म्हणजे ती किंमत कळेल.

यंत्राच्या मापाने लिपी कापण्याचा विचार आपल्याकडे जुनाच. सावरकरांनी पुरस्कारलेली अ ची बाराखडी, अि, अी, अु, ही छपाई आणि टंकलेखन सोयीचं व्हावं म्हणूनच होती. हेतू चांगला होता, पण ती रुळली नाही. टंकयंत्राने दुसरी वाट धरली. अनेक अक्षरं अर्धी ठेवली, आणि काना वेगळा मारून ती पुरी करण्याचं काम टंकलेखकाच्या बोटांवर टाकलं.

संगणक आल्यावर हे ओझं पहिल्यांदा खरोखर हललं. १९९१ च्या भारतीय मानकात असलेला इनस्क्रिप्ट कीबोर्ड घ्या. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. क च्याच बटणावर शिफ्ट धरला की ख, त वर थ, प वर फ. क, हलन्त, ष एवढं दिलं की क्ष जोडायचा कसा ते यंत्र बघतं. संगणकतज्ज्ञ लॅरी टेस्लर हेच सांगत असत : गुंतागुंत एका मर्यादेपलीकडे नाहीशी होत नाही, ती माणसाने सोसायची की यंत्राने, एवढंच आपल्या हातात असतं. इनस्क्रिप्टमध्ये ऱ सुद्धा र च्याच बटणावर आहे, शिफ्ट धरून. एकही अक्षर न गाळता केलेली ही मांडणी मला आजही फार मोठी वाटते.

पण तिच्यावर हात बसायला वेळ लागतो, आणि तेवढा धीर आता फारसा कुणाला नाही. म्हणून लोक रोमन अक्षरांतून मराठी लिहितात. ते पहिल्याच दिवशी जमतं. मात्र ल की ळ, न की ण, हे मग यंत्राच्या अंदाजावर जातं.

मला जवळचा वाटतो तो आयआयटी मुंबईत घडलेला स्वरचक्र हा कीबोर्ड. व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली. क वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु चं चाक उघडतं, हव्या त्या बाजूला बोट सरकवायचं. पहिलीतल्या मुलाला पाठ असलेली बाराखडीच तिथे मांडणी झाली. वापरणाऱ्याला आधीपासून जे येतं त्यावर ती उभी आहे, म्हणून ती सोपी.

तेव्हा दुपारच्या सत्रात नमुने मांडणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. एखादं बटण काढण्याआधी त्यावाचून कोणता शब्द लिहिता येणार नाही, तो कागदावर लिहा. आणि बटण लपवायचंच असेल, तर र च्या कोपऱ्यात बारीकसा ऱ तरी दिसू द्या.

आत्याला मी बोट धरून दाखवलं. तिने दोनदा करून पाहिलं आणि काही न बोलता फोन पिशवीत टाकला. त्या रात्री तिचा निरोप आला. मायना नाही, मजकूर नाही. फळ्यावर लिहावेत तसे एकाखाली एक शब्द : दऱ्या, सुऱ्या, पायऱ्या, न्याहाऱ्या, आचाऱ्यांना.